तक्रार रेकॉर्ड्सच्या वहिनी

सकाळी सात वाजता वहिनींनी ओव्हनचं दार लावलं, काटा बावन्न अंशांवर आणला आणि स्टूल ओढून समोर बसल्या. आत केक नव्हता की बिस्किटं नव्हती. आत टेपचं रीळ होतं, अडतीस वर्षांपूर्वीचं, ताटाएवढं, पत्र्याच्या दोन चकत्यांमध्ये गुंडाळलेलं. त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती, आणि दुपारी चार वाजता ते ऐकायला माणूस येणार होतं.

आता टेप कुणी भाजतं का, असं तुम्ही विचाराल. भाजतात. त्या काळातल्या काही टेपांचा डिंक म्हातारपणी हवेतली ओल पितो आणि चिकट होतो. तशीच मशीनवर चढवली तर ती किंचाळते, आणि ज्या तपकिरी थरात आवाज असतो तो थरच खरवडून मशीनला फासते. एकदा फासला की गेला. म्हणून आठ तास मंद शेक द्यायचा. मग दोन-तीन आठवडे टेप शहाण्यासारखी वागते, तेवढ्यात आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा. शेक कमी पडला तर फुकट, जास्त झाला तर टेप वाकडी.

हे काम वहिनींकडे आलं कारण त्यांनी एकतीस वर्षं डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासण्यात घालवली होती. नळ्या, बाटल्या, थर्मामीटर, घड्याळ. हा ओव्हनसुद्धा डेअरीचाच, बाटल्या सुकवायचा. भंगारात निघाला तेव्हा त्यांनी हट्टानं घरी आणला होता. अर्धा अंश इकडचा तिकडे झाला तर वहिनींना झोप लागायची नाही, अशी ख्याती. काळजी करणं हा त्यांचा जन्मजात धंदा होता, डेअरीनं फक्त त्याला पगार दिला.

आणि त्या दिवशीची काळजी साधी नव्हती. त्यासाठी तक्रार रेकॉर्ड्सची कुळकथा थोडी सांगायला हवी.

वहिनी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा धाकटा दीर गॅरेजमध्ये चार टाळकी जमवून गिटारी बडवायचा. गाडी घरात कधीच नव्हती, त्यामुळे गॅरेज मोकळं. शेजारचे निवृत्त मास्तर रोज संध्याकाळी दारात उभे. "अहो, हे संगीत आहे की पत्र्याच्या दुकानाला आग लागलीय?" वहिनींचे यजमान विमा कचेरीत कारकून. ते मास्तरांची तक्रार अदबीनं एका वहीत लिहून घ्यायचे, खाली तारीख घालायचे, आणि "योग्य ती कारवाई होईल" म्हणायचे. कारवाई काय होणार, कपाळ! पुढं दिरानं कुठलीच कंपनी रॉकच्या तबकड्या काढेना म्हणून स्वतःचीच कंपनी काढायची ठरवली. नाव काय ठेवायचं यावर आठवडाभर भांडणं झाली. शेवटी यजमान वही पुढं टाकून म्हणाले, "तक्रार रेकॉर्ड्स ठेवा. निदान पहिलं गिऱ्हाईक तरी शेजारी आहे."

नाव टिकलं. यजमान गेले त्याला आता बारा वर्षं झाली. मास्तरही गेले. कंपनी मात्र आहे. तबकड्या, कॅसेटी, सीड्या मिळून एकेचाळीस वर्षांत सत्तावीस, म्हणजे कासवालाही हसू यावं. पण एकही गाणं कुणाच्या सांगण्यावरून बदललेलं नाही, असं दीर छाती पुढं काढून सांगायचे.

वहिनींना ते संगीत कळायचं का? देवाला माहीत. पण दिराला सरळ रेषेत कात्री चालवता यायची नाही. त्या वेळी गाणी टेपवर व्हायची, आणि चुकलेला भाग काढायचा म्हणजे अक्षरशः कापायचा, ब्लेडनं, तिरका, आणि टोकाला टोक चिकटपट्टीनं जोडायचं. दिरानं पहिल्याच दिवशी तीन गाण्यांची भाजी केली. वहिनी डेअरीतून येऊन चहा टाकत होत्या. त्या म्हणाल्या, "सरका भाऊजी, बघू." तेव्हापासून सरकलेले भाऊजी परत त्या खुर्चीवर बसले नाहीत. बँडवाली पोरं त्यांना वहिनीच म्हणायची, आणि पाठीमागं म्हणायची, "कात्रीला विचारल्याशिवाय काही फायनल नाही."

त्या पोरांत एक पोरगी होती. वजन मेलीचं चाळीस किलो, आणि आवाज असा की पहिल्याच दिवशी मास्तरांनी वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, "आता भोंगाही आणला आहे." मग ती भोंगाच झाली. पहिल्या तबकडीत ती नुसती मागून साथीला होती. दुसऱ्या तबकडीत एक अख्खं गाणं तिचं एकटीचं, दुसऱ्या बाजूचं तिसरं. रेकॉर्डिंग झालं, वहिनींनी रीळ जोडून तयार केलं, आणि नेमका त्याच महिन्यात तबकड्या छापणारा कारखाना बंद पडला. मग बँड फुटला. भोंगा नोकरीला लागली, संसाराला लागली, पुन्हा कधी गायली नाही. रीळ कपाटावर गेलं ते गेलंच.

मागच्या वर्षी भोंगाच्या घशाचं ऑपरेशन झालं. दुखणं गंभीर होतं, डॉक्टरांनी जीव वाचवला पण स्वरयंत्र काढावं लागलं. आता ती गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेते आणि फोनवर टाइप करून बोलते. वहिनी दवाखान्यात भेटायला गेल्या होत्या. तिच्या उशाशी बसून, तिचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "तुझा आवाज आमच्याकडे आहे. नीट ठेवलाय. काळजी करू नकोस."

आता कळलं ना, ओव्हनमध्ये काय होतं ते? वहिनींचा शब्द होता.

सव्वानऊपर्यंत सगळं ठीक चाललं. काटा बावन्नवर. बाहेरच्या खोलीत भाऊजी कापसाच्या काडीनं मशीनची आवाज वाचणारी हेडं पुसत होते. गुडघा आता त्यांना उभं राहू देत नव्हता, पण जीभ ठणठणीत होती. "वहिनी, झालं का?" दर दहा मिनिटांनी. "भाऊजी, आठ तास म्हणजे आठ तास. दुधाला विरजण लावलंय का, सारखं बोट बुडवून बघायला?"

आणि साडेनऊला वहिनींच्या नाकाला वास आला.

अगदी पुसट. आंबूस. एकतीस वर्षं दूध हुंगलेलं नाक ते, दुसऱ्या कुणाला आला नसता. आधी त्यांना वाटलं, स्वयंपाकघरात दूध नासलं. उठून बघितलं, दूध चांगलं. परत आल्या, ओव्हनच्या जाळीपाशी नाक नेलं. व्हिनेगर. टेपमधून व्हिनेगरचा वास येत होता.

वहिनी धप्पकन स्टुलावर बसल्या.

कारण टेपा दोन जातींच्या असतात. एक नवी, पॉलिएस्टरची, हिचाच डिंक चिकट होतो, हिलाच शेकतात. दुसरी तिच्या आधीची, जुनी. ती म्हातारी झाली की व्हिनेगरसारखी आंबते, आणि तिला शेक अजिबात चालत नाही. उष्णता लागली की ती आक्रसते, लाकडाच्या ढलपीसारखी वळते, कडकड मोडते. भाजायच्या आधी उजेडासमोर धरून बघायचं, उजेड आरपार दिसला तर जुनी, हात लावायचा नाही. वहिनींनी बघितलं होतं हो! पण पत्र्याच्या चकत्यांतून काय डोंबल दिसणार? त्यांनी बाहेरचं टोक तेवढं उलगडून बघितलं होतं. ते नव्या टेपचं होतं.

आतलं नव्हतं. आता लख्ख आठवलं. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्याला टेप संपली होती. भाऊजी सायकल मारत रेडिओ स्टेशनवर गेले आणि तिथल्या ऑपरेटरच्या हातापाया पडून टाकाऊ तुकडे पिशवीभर घेऊन आले. जुन्या टेपचे. ते तुकडे वहिनींनी एकाला एक जोडून पुरती लांबी केली, आणि त्यावर भोंगा गायली. गोधडी शिवावी तसं ते गाणं शिवलेलं होतं. दुसऱ्या कुठल्या कंपनीत असा भिकारपणा झाला नसता आणि ही चूकही झाली नसती. आणि ते तुकडे स्वतःच्या हातानं जोडलेलं माणूस सबंध दुनियेत एकच. तेच आता स्टुलावर बसलं होतं.

"वहिनी, कसला आवाज झाला?"

"काही नाही. पंखा."

खोटं. लग्नानंतर बहुतेक पहिलंच. वहिनींनी बटण बंद केलं आणि दार मात्र उघडलं नाही, कारण एकदम गार हवा लागली तर आत दव धरणार. जितकं सावकाश तापवलं तितकंच सावकाश निवायला हवं. हे शहाणपण डोक्यात जागेवर होतं, फक्त अडीच तास उशिरा. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. सोडलं, गुंडाळलं, सोडलं. तिला काय सांगू? कोणत्या तोंडानं सांगू? दवाखान्यातला तो हात आठवत होता, सुया टोचून निळा पडलेला.

दहा मिनिटं त्यांनी कशीबशी काढली. मग बाहेरच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

भाऊजींचा राग म्हणजे जमदग्नीचा. "तुम्ही बघितलं नाहीत? तुम्ही? दुधात माशीचा पाय पडला तर ओळखणाऱ्या तुम्ही?" कापसाची काडी त्यांनी भिंतीवर फेकली, तिचा कसला आवाज येणार, म्हणून मग टेबलावर मूठ आपटली. "ज्याला ऊब नको होती नेमकं त्यालाच भट्टीत घातलंत! मी तिला काय सांगू आता? ये, बस, चहा घे, तुझा आवाज आम्ही भाजून खाल्ला?"

वहिनींनी भिंतीपाशी पडलेली काडी उचलली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसे भाऊजी एकदम ओशाळले. या बाईला रडताना त्यांनी एकदाच बघितलं होतं, बारा वर्षांपूर्वी.

"बसा," ते म्हणाले. "तुकडे मीच आणले होते, तेव्हा माझं तरी डोकं कुठं गेलं होतं? बसा म्हणतो ना."

बारा वाजता ओव्हन पुरता निवला. वहिनींनी पांढरे हातमोजे घातले, जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली, आणि रीळ हातानं उलगडायला घेतलं. एकेक वेढा, श्वास रोखून. वरची नवी टेप अजून चिकट होती, ओढली की चर्र आवाज करायची, आणि प्रत्येक चर्रला भाऊजी "आई गं" म्हणायचे. "तुम्ही आतल्या खोलीत जा बरं," वहिनी म्हणाल्या. ते गेले नाहीत, पण तोंडावर हात ठेवून बसले.

पाऊण वाजता जुनी टेप लागली. उष्णतेनं जोडांच्या चिकटपट्ट्या सुटल्या होत्या. तिसरं गाणं एक लांब फीत राहिलंच नव्हतं. टेबलावर सात तुकडे पडले, कडा आत वळलेले, मधासारख्या रंगाचे. आठवा उचलताना वहिनींच्या हातातच मोडला, कट्ट.

 मग वहिनींनी मोडलेली टोकं भिंगाखाली धरली आणि बराच वेळ बघत राहिल्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "सरळ मोडलीय. नवी असती तर ताणून वाया गेली असती. ही मोडते, पण ताणत नाही. मोडलेलं जोडता येतं."

"पण कुठला तुकडा आधी, कुठला नंतर?"

वहिनींनी एक तुकडा उलटा केला. पाठीवर पिवळ्या पेन्सिलीचा फिकट आकडा होता, चार. त्यांचाच. डेअरीत प्रत्येक नळीवर आकडा घालायची सवय, ती इथंही चालली होती. पाचचा आकडा पुसला होता, सहाचा अर्धा दिसत होता. ब्लेड नवं काढलं. कोपर टेबलावर दाबून धरलं. अडतीस वर्षांपूर्वी हे काम त्या गप्पा मारता मारता करायच्या. आता एकेका जोडाला दहा मिनिटं लागली, आणि दर वेळी वाटायचं, हा गेला, आता हा गेला.

शेवटचा जोड दाबून त्या मागं टेकल्या, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. अजून चार वाजले नव्हते. भोंगा पहिल्यापासूनच वेळेच्या आधी यायची.

गळ्याभोवती निळा रुमाल, केस पांढरे, बरोबर सात वर्षांची नात. भोंगानं वहिनींना मिठी मारली. वहिनींना धड मिठी मारता येईना. "आधी ऐक माझं," त्या म्हणाल्या, आणि दारातच, चपला काढायच्या आत, सगळं सांगितलं. ओव्हन, वास, तुकडे. "वाजेल की नाही सांगता येत नाही. वाजलं तरी एकदाच. बाकीची गाणी पुन्हा शेकून निघतील, पण तुझंच गाणं मी..." 

भोंगानं त्यांचा खांदा थोपटला आणि मशीनसमोरच्या खुर्चीवर जाऊन बसली. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

भाऊजींनी टेप चढवली. वळलेल्या कडा हेडला टेकेनात, म्हणून कापडाच्या घडीनं हलकेच दाबून धरली. कॉम्प्युटर सुरू केला. चाकं फिरली. खरखर, खरखर, ढोलाचे चार ठोके कुठून तरी लांबून, आणि मग तो आवाज आला.

आला तो असा की भाऊजींचा हात हलला. आवाज जरा लहरत होता, मध्ये मध्ये पाण्याखाली गेल्यासारखा व्हायचा, पण तोच होता. वीस वर्षांच्या पोरीचा, कुणाच्या बापाला न भिणारा. वहिनी टेपकडे बघत होत्या, गाण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. एक जोड गेला. दुसरा गेला. आठवा गेला, तेव्हा कट्ट झालं म्हणून त्यांनी डोळे मिटले, पण ते भाऊजींच्या अवघडलेल्या बोटाचं हाड वाजलं होतं. तीन मिनिटं चाळीस सेकंद. टेपचं शेपूट फडफड करत सुटलं आणि वहिनींनी हातानं चाक थांबवलं.

"उतरलं," भाऊजी पडद्याकडे बघत म्हणाले. "सगळं उतरलं!"

भोंगाचे डोळे भरून आले होते. नात तिच्या मांडीला रेलून उभी होती. "आजी, ही तू?" भोंगानं मान हलवली. पोरीनं थोडा विचार केला. "पण ही तर गातेय. बोलायचीस कशी?"

भोंगानं फोन काढला, टाइप केलं आणि भाऊजींपुढं धरला. भाऊजींनी वाचलं: "गाण्याच्या आधी मी खूप बडबडले होते. टेप चालू होती. तिला ते ऐकवायचंय. त्यासाठीच हिला आणलंय."

भाऊजींनी वहिनींकडे बघितलं.

वहिनींना उत्तर माहीत होतं. गाण्याच्या आधीची बडबड, खोकला, हसणं, "परत घेऊ या का" हे सगळं कापायचंच असतं. कुठल्याही तबकडीवर ते ठेवत नाहीत. त्यांनी ते कापलं होतं, स्वच्छ, ढोलाच्या पहिल्या ठोक्याच्या केसभर अलीकडे, आणि केराच्या टोपलीत टाकलं होतं. ओव्हननं काही नेलं नव्हतं. जे हवं होतं ते अडतीस वर्षांपूर्वीच गेलं होतं, त्यांच्याच हातानं, आणि त्या दिवशी त्या कामाचं भाऊजींनी कौतुकही केलं होतं.

"ते नाही गं," वहिनी म्हणाल्या. "ते मी कापलं. टाकून दिलं."

 भोंगाचा अंगठा फोनवर तसाच राहिला. आता ती उठेल, पोरीचा हात धरून निघून जाईल, असं वहिनींना वाटलं, आणि ते बरोबरच होईल असंही वाटलं. पण अंगठा हलला. या वेळी तिनं फोन वहिनींपुढं धरला.

"तुम्ही ऐकलं होतं ना?"

ऐकलं होतं का? कापायची जागा सापडावी म्हणून रीळ हातानं पुढं मागं, पुढं मागं फिरवावं लागतं. ती बडबड वहिनींनी चाळीस वेळा तरी ऐकली होती. यजमानांचा आवाज आता कधी कधी आठवेनासा व्हायचा, पण ही बडबड कानात शब्दन् शब्द होती.

"ऐकलं होतं," त्या म्हणाल्या.

भोंगानं नातीला खांद्याला धरून वहिनींकडे वळवलं.

वहिनींनी पदर सारखा केला. आयुष्यात त्यांनी कुणाची नक्कल केली नव्हती, त्यांना चारचौघांत नीट बोलताही यायचं नाही. त्यांनी घसा खाकरला. "ती म्हणाली की, थांबा," त्यांनी सुरुवात केली, शाळेत धडा वाचावा तशी. मग थांबल्या. हे नव्हे. डोळे मिटले, हनुवटी वर केली आणि आवाज नाकात चढवला.

"एऽ थांबा रे, थांबा! माशी आहे इथं, नाकात शिरतेय मेली! हसू नका हं, तुम्ही हसलात की मी हसणार, मी हसले की टेप वाया जाणार, आणि मग वहिनी चहा देणार नाहीत. वहिनी, देणार ना? बघा, मान हलवली, म्हणजे देणार. चला! ...अगं बाई, पहिली ओळ काय होती?"

त्यांनी डोळे उघडले. पोरगी तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत होती. तिनं मागं वळून आजीकडे बघितलं. भोंगा गदगदा हलत होती, आवाज नाही, नुसते खांदे आणि ओले गाल, आणि हातानं घाईघाईनं खूण करत होती: भरभर, याहून भरभर, मी भरभर बोलायचे.

"परत," पोरगी म्हणाली.

वहिनींनी खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी भरभर.